फ्लेक्सवरचा परदेश दौरा

२ सप्टेंबर
मॉरिशसला माझी बहीण आहे! पणजोबांचे भाऊ जहाजातून गेले ते परत आलेच नाहीत. संयोगिता आक्का त्यांच्या घरातली. फेसबुकवर तिनंच मला शोधलं. तिला भाऊ नाही, मला बहीण नाही. म्हणाली, भाऊबीजेला ये, ओवाळते. जाणारच!

९ सप्टेंबर
पासपोर्टचा अर्ज भरला. हिचाही भरला, उगाच रुसवा नको.

१४ सप्टेंबर
तालमीतल्या गुंडूनं चौकात फ्लेक्स लावला. 'जोतीरामभाऊंच्या परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. फोटो गॉगलमधला, मीच दिलेला. ही म्हणते, पासपोर्ट न्हाय अजून, फ्लेक्स कशाला? हिला प्लॅनिंग कळत नाही.

२० सप्टेंबर, सकाळी
दारात पोलीस! फ्लेक्सचीच तक्रार असणार. गुंडूनं परवानगी काढली नव्हती, गाढव. मी माळ्यावर. हिला बजावलं, परदेशी गेलेत म्हणून सांग. डोकं चालवलं म्हणून वाचलो. खाली मात्र निवांत चहा चाललेला.

२० सप्टेंबर, दुपारी
पोलीस पासपोर्टच्या चौकशीला आला होता. हिचं काम जागेवर झालं. माझ्याबद्दल हिनं शब्द न बदलता सांगितलं, परदेशी गेलेत. पासपोर्ट नसताना माणूस गेला कसा, असं त्यानं विचारलं म्हणे. आता ठाण्यात जाऊन काय सांगू, माळ्यावर होतो?

५ ऑक्टोबर
सांगितलं. सगळं ठाणं हसलं. माझं प्रकरण लांबणार. चूक गुंडूची.
संध्याकाळी तालमीत फेटा बांधून सत्कार. लोक एवढ्या प्रेमानं बोलावतात, नाही कसं म्हणायचं? भाषणात मॉरिशसच्या हवामानाबद्दल बोललो.

११ ऑक्टोबर
हिचा पासपोर्ट आला. संताप संताप झाला. आक्का म्हणते, वहिनीला तरी पाठव.

१८ ऑक्टोबर
ही गेली. बॅग माझी, कांदा-लसूण चटणी माझ्या आवडीची. मी म्हटलं, पुढं होऊन सगळं बघून ठेव, आलोच. ही म्हणाली, माळ्यावर जाऊन बसू नका म्हणजे झालं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सत्काराचा फेटा बांधून पाटावर बसलो, पुढं स्टुलावर मोबाईल. आक्कानं व्हिडिओ कॉलवर ओवाळलं. रडू आलं, खोटं कशाला लिहू. ताटातली करंजी हिनं खाल्ली.
मग फेट्यातच दूध आणायला गेलो. चौकात फ्लेक्स तसाच. त्याच्याखाली गल्लीतला आकाराम भेटला. म्हणाला, कवा आलासा परदेशातनं? म्हटलं, कालच. त्यानं विचारलं, वहिनी दिसंनात की?
म्हटलं, त्या तिकडंच राहिल्यात.