शेक, व्यायाम आणि ओटा

मुरबाड, १४ नोव्हेंबर २०००

हिच्या गुडघ्यांना महिनाभर विजेचा शेक दिला; तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आज शहापूरला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची म्हणे. एका टॉवेलानं झिजलेला गुडघा सुधारतो? शेक बरा की व्यायाम, यावर मी वाद घातला, वाचलेलं सगळं ऐकवलं. बाईंनी हिलाच विचारलं, "स्वयंपाक खाली बसून करता?"

"हो. ओटा नाय ना. हे बायकांच्या कष्टांवर भाषणं करतात, यांना टाइम कुठाय?"

तीस वर्षं ती चुलीपुढं उकिडवी बसली, आणि मी टॉवेलावरून भांडत होतो.

घरी येताच ती भिंत धरून पुन्हा तशीच खाली बसली. उद्याच गवंड्याला बोलावतो, म्हटलं.

"सभेत सांगा," ती म्हणाली, "टाळ्या पडतील."