बाहेरचं नाही, घरचं आहे

४ एप्रिल
मेहुणा येऊन गेला. सुट्टीत बायकामुलांना घेऊन आठवडाभर समुद्रावर जातोय म्हणे. हिला आणि चिमणीलाही न्यायचं म्हणतो. मला विचारलं नाही. हॉटेलात तो मेनूकार्ड डावीकडून वाचतो, मी उजवीकडून, म्हणजे किमतीकडून. त्यामुळे आमचं जमत नाही.

हिला स्पष्ट सांगितलं, मुलगी माझी आहे, सुट्टीत बापाबरोबर जाईल. ही म्हणाली, तुमच्याबरोबर गेलेली पोर एकतर उपाशी परत येते, नाहीतर रडत. शेवटी सौदा ठरला. येत्या शनिवारी तिघांनी थीम पार्कला जायचं. चिमणी पोटभर जेवून हसत घरी आली तर सुट्टी माझी. नाहीतर मेहुण्याची.

ताबडतोब मान्य केलं. खरं सांगायचं तर अकरावं लागल्यापासून चिमणीला कुठे चल म्हटलं की ती 'बघू' म्हणते. हा शब्द मला लागतो. पूर्वी मी नुसता किल्ली शोधायला लागलो तरी ती चप्पल घालून दारात उभी असायची.

निश्चय: जेवण स्वस्त, सकस आणि वेळेवर. बाकी झोके-बिके पार्कवाले बघतील.

५ एप्रिल, जेवणाची सुट्टी
ऑफिसात पार्कची वेबसाइट वाचून काढली. आतल्या जेवणाचे दर कुठेच दिलेले नाहीत. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

पण नियमांच्या पानावर पोचलो आणि खुर्चीतून उठलोच. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास सक्त मनाई आहे.' वा! लग्न झाल्यापासून मी घरात दुसरं काय सांगतोय? बाहेरचं खाऊ नका. बाहेरचं तेल, बाहेरचं पाणी, बाहेरचे हात. जगात एक तरी संस्था माझ्या मताची निघाली. घरून नेलं की प्रश्न मिटला.

संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाली, 'बाहेरचे' म्हणजे काय ते तुम्हाला नक्की कळलंय ना? आता, छापखान्यात मुद्रितशोधक आहे तो मी. लोकांचे काने-मात्रे सुधारता सुधारता डोक्यावरचे केस गेले. आणि मला शब्दाचा अर्थ विचारते! तसं तिला सांगितलं. ती कुकर लावायला उठली. पटलं असावं.

७ एप्रिल
मेनू पक्का. उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी, काकडी, गाजर, केळी, ब्रेड. चिमणीने विचारलं, वेफर्स घेऊया का. तिला बटाटा तळल्यावर त्याचं काय होतं ते समजावून सांगितलं. मन लावून ऐकत होती. नंतर पाहिलं तर कानात काहीतरी घातलं होतं. गाणी असावीत.

८ एप्रिल
मोठी पिशवी माळ्यावरून काढली. तिची चेन गेलीय. दोरीने बांधता येईल. बाजारातून बटाटे आणले. जरा जास्तच झाले, पण जास्त घेतले की स्वस्त पडतात.

९ एप्रिल
ही म्हणाली, अजूनही वेळ आहे, पार्कला एकदा फोन करून विचारा. मी म्हटलं, छापलेल्या मजकुराला फोन करायचा नसतो. ती हसली. तणाव निवळतोय.

१० एप्रिल, पहाटे
उठलो. बटाटे लावले. अंडी लावली. घरभर वास सुटला आहे. दोघी नाकावर पांघरूण घेऊन झोपल्यात. एका बापाच्या कष्टाची कोणाला कल्पना नसते.

१० एप्रिल, पार्कच्या फाटकाबाहेर
अडवलं.

फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. म्हणाला, बाहेरचं चालत नाही. मी हसून म्हटलं, बाहेरचं नाही, घरचं आहे. तो म्हणाला, घर कुठे आहे? मी पत्ता सांगितला. तो म्हणाला, म्हणजे बाहेरच की. त्याला 'बाहेरचं' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ दोन उदाहरणं देऊन सांगितला. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूने असाव्यात.

मग त्याचे साहेब आले. त्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि दोन पर्याय दिले. पिशवी लॉकरमध्ये ठेवा, त्याचं भाडं पडेल. नाहीतर इथेच खाऊन आत जा. पोटातलं आम्ही तपासत नाही म्हणाले.

मी दुसरा पर्याय निवडला. हिने पहिल्यापासून मान खाली घातली होती ती वर केलीच नाही. चिमणी चार पावलं लांब उभी राहून आम्ही कोण आहोत हे आठवत असल्यासारखी बघत होती. दोघींनी एकेक केळं खाल्लं. मग ही म्हणाली, आम्ही पुढे होतो, तुम्ही या सावकाश. स्वतःचं पाकीट घेऊन दोघी आत गेल्या.

मी फुटपाथच्या कडेला बसून खातोय. अन्न टाकणं आमच्या रक्तात नाही.

१० एप्रिल, दुपार
आत आलो. अंडी संपली. बटाटे बरेच संपले. हालचाल मंद आहे, पण विचार तल्लख.

परिस्थिती बिकट. फाटकाजवळच्या दुकानात नुसतं तळण. पुढे 'ताजी फळं' असा बोर्ड. प्लॅस्टिकच्या पेल्यात कलिंगडाचे चार तुकडे. तेवढ्या पैशात आमच्या बाजारात अख्खं कलिंगड येतं आणि फळवाला ते टिचक्या मारून निवडूनही देतो. बोर्डावर 'कलींगड' लिहिलंय. दुकानातल्या बाईंना लि ऱ्हस्व असल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, घ्यायचंय का.

हार मानायची नाही. एवढ्या मोठ्या पार्कात स्वस्त आणि सकस असं काहीतरी असणारच. एकेक दुकान पद्धतशीर बघायचं, दर लिहून घ्यायचे, मग दोघींना थेट योग्य जागी न्यायचं. चिमणी म्हणेल, बाबाला बरोबर सापडतं.

हिचा फोन: चिमणी आकाशपाळण्याच्या मोठ्या चक्रात बसतेय, तुम्ही त्याच्या खाली या. सूप कसं दिलं ते विचारत होतो, म्हणून आलोच म्हटलं. सुपाच्या दुकानासमोर तीन माणसं होती. माझा नंबर येईपर्यंत थांबणं भाग होतं. सूप महाग निघालं आणि वर साय.

१० एप्रिल, आणखी थोड्या वेळाने
चक्राखाली पोचलो. चक्र रिकामं. दोघी एका बाकावर भेटल्या. चिमणी म्हणाली, बाबा, मी वरून हात केला, तुला दिसला का? हो म्हटलं. कुठे उभा होतास, असं तिने विचारलं. मी सूप आणि साय यांच्यावर बोललो. ती बुटाची नाडी बांधायला लागली.

तिच्या बाहीवर लाल डाग होता. झोक्याचा रंग लागला असणार, यांना रंगसुद्धा चांगला परवडत नाही. भूक लागलीय का म्हणून विचारलं तर दोघी एकदम नाही म्हणाल्या. मोकळ्या हवेने भूक मरते असं मी वाचलंय. हिच्या हातात एक चुरगळलेली पुडी होती, ती तिने पर्समध्ये टाकली. कचरा जिथे तिथे टाकत नाही, हा तिचा गुण आहे.

त्या पाण्याच्या घसरगुंडीकडे गेल्या. मला चल म्हणाल्या. पोटात बटाटे असताना पाण्यात उतरू नये. शिवाय पश्चिमेकडची सगळी दुकानं बघायची राहिली होती.

१० एप्रिल, ऊन उतरल्यावर
सापडलं! पार्कच्या अगदी टोकाला, कुंपणापाशी, खेळणी दुरुस्त करणाऱ्या शेडच्या मागे छोटंसं दुकान. वाफवलेला मका, सॅलड, ताक. दर माणसाला परवडणारे. 'सॅलड' बरोबर छापलेलं. डोळ्यांत पाणी आलं.

धावत दोघींना शोधायला निघालो. धावत म्हणजे जमेल तसं. घसरगुंडीपाशी नाहीत. आरशांच्या घरात माझ्यासारखीच फार माणसं दिसली, त्या नाहीत. फोन केला तर ही म्हणाली, आम्ही फाटकाशी आहोत, बंद व्हायची वेळ झाली, तुम्ही कुठे आहात? मक्याचं सांगितलं. मग चिमणीचा आवाज ऐकू आला, आई, तो येतोय की नाही?

१० एप्रिल, घरी
बाजी मारली. चिमणी हसत घरी आली. गाडीत आईशी कुजबुजून इतकी हसत होती की उचकी लागली. भूक नाही म्हणाली, म्हणजे पोट भरलेलं. दोन्ही अटी पूर्ण. कशाने भरलं हा प्रश्न सौद्यात नव्हता.

मी स्वतः रात्री जेवलो नाही. जेवणं शक्यही नव्हतं.

११ एप्रिल
हिने पार्कचे फोटो दाखवले. चिमणी चक्रात, चिमणी भिजलेली, दोघी वेडीवाकडी तोंडं करताना. छान आलेत. माझाही एक आहे. लांबून काढलेला, पाठमोरा. दरपत्रक वाचतोय. अंगकाठी पाठीमागून बरी दिसते.

सुट्टीचा बेत आखायला घेतला. या वेळी आधी फोन करून विचारणार.

१२ एप्रिल
हिच्यापाशी विषय काढला. सौद्याप्रमाणे सुट्टी माझी. ही कपडे घडी करत होती. नाही म्हणाली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, चिमणी खूश होती, हे खरंच. सुट्टी घ्या तुम्ही. पण एकदा तिच्याशी बोला.

म्हणजे जिंकलोच. उद्या बोलतो.

१३ एप्रिल
बोलायला तिच्या खोलीकडे गेलो. दार अर्धं उघडं. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. चक्र किती उंच, वरून पार्क केवढा दिसतो, घसरगुंडीत पाणी नाकात कसं गेलं. मजेत सांगत होती. ऐकत उभा राहिलो. इतकं भरभरून ती माझ्याशी बोलून किती दिवस झाले ते आठवेना.

मग म्हणाली, अगं, मी आणि आई दोघीच गेलो होतो.

सवयीने दाराबाहेरूनच दुरुस्ती केली. म्हटलं, आणि बाबा.

तिने दाराकडे पाहिलं. म्हणाली, अरे हो, बाबा पण. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विसरली होती. मग घसरगुंडीचं पुढे सांगायला लागली.

दार लोटून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन थोडा वेळ बसलो. वाईट वाटलं. मग मेहुण्याला फोन लावला आणि म्हटलं, घेऊन जा दोघींना. तो म्हणाला, तुम्हीही चला की, गाडीत जागा आहे. मी म्हटलं, बघू.