ओट्यावरची चौथी

सोमवार, ७ जुलै

कणकेचे हात, तव्यावर पोळी, आणि संचिता विचारते, "बाबा, पाव आणि चतकोर एकच का?" एकच. पोळीचे चार तुकडे केले. एक तिने खाल्ला. "आता किती राहिली?" "पाऊण." झालं गणित! पुस्तकात यालाच तीन पानं घालवलीत.

मला जमतंय. लिहूनच ठेवतो, कारण जून लागला तेव्हा सगळ्यांना वाटलेलं, हे काही जमायचं नाही. सकाळी गिऱ्हाइकांचे डबे — पोळी-भाजी, डाळ-भात. कोपर आणि डोंबिवली वेस्टमध्ये जातात. मग अभ्यास, चौथीची सगळी पुस्तकं. मग कपडे, लादी, भांडी. प्रियांका ठाण्याला हॉस्पिटलात स्टाफ नर्स, तिची ड्युटी सारखी बदलते, म्हणून घर माझ्याकडे. कुरियरच्या ऑफिसात अख्खी शिफ्ट सांभाळलेली मी. एक नऊ वर्षांची मुलगी आणि एक कुकर काय अवघड आहे?

गुरुवार, १० जुलै

समोरचे बाबुराव दारात. एकटे राहतात, रिटायर्ड, कानाला मशीन. "साईनाथ, पोर हुशार आहे तुझी. शाळेत का घालत नाहीस? घरात कोंडून कुठे शिक्षण होतं का?"

मी म्हटलं, "काका, शाळेतच कोंडलेली होती ती."

दुपारी वाटलं, जरा जास्तच बोललो. पण खोटं नाही. घरात ही मुलगी रेडिओ आहे, बंदच होत नाही. उंबरा ओलांडला की आवाज जातो. हट्ट नाही, नखरे नाहीत — घसा आवळल्यासारखं होतं म्हणते. दोन वर्षं वर्गात एक शब्द नाही. बाई म्हणायच्या, तोंडात मूग धरून बसते. एक दिवस बाथरूमला जाऊ का एवढंही विचारता आलं नाही आणि बाकावरच — पोरं हसली. मी दाखला काढून आणला. आजही तेच केलं असतं.

मंगळवार, १५ जुलै

कपडे वाळत नाहीत. घरभर दोऱ्या. मग भूगोल दोरीवरच घेतला — चिठ्ठ्या लिहायच्या आणि चिमट्याने लावायच्या. कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली. संध्याकाळी प्रियांका आली आणि म्हणाली, "माझ्या युनिफॉर्मला खडवली कोणी लावलं?" संचिता हसून हसून लोळली.

शनिवार, १९ जुलै

दोघं भाजीला गेलेलो. भाजीवालीने विचारलं, "काय गं, नाव काय तुझं?" संचिता माझ्या शर्टाच्या मागे. मीच म्हटलं, "संचिता. चौथीत आहे. भेंडी फार आवडते." बाई खूश. हिच्या हातात कोथिंबिरीची काडी दिली. घरी येऊन दार लावलं की लगेच बडबड चालू.

असंच करावं लागतं. लोकांना ताटकळत ठेवलं की ते तिच्या तोंडाकडे बघत बसतात, मग ती अजून मिटते. मी तशी वेळच येऊ देत नाही. दुकान, डॉक्टर, रिक्षा, आजीचा फोन — सगळीकडे मी आहे ना.

सोमवार, २१ जुलै

वाईट दिवस. प्रतापगडाच्या धड्यात ऐन मोक्याला डाळ उतू. गॅस विझला, ओटा पिवळा. मी ओरडलो, तेही तिच्यावर. तिची काय चूक? जरा वेळाने जवळ आली. "बाबा, तू मधली सुट्टी घे." घेतली.

शुक्रवार, २५ जुलै

मटकीला मोड आले. तिने पट्टी लावून मोजले, चित्र काढलं, नावं दिली. विज्ञान संपलं, मग उसळ केली.

सोमवार, २८ जुलै

श्रावणी सोमवार. अर्ध्या लोकांना खिचडी, अर्ध्यांना पोळी-भाजी. साबुदाणा भिजवायला पहाटे उठलो. प्रियांका निघताना म्हणाली, "आधी खाऊन घे काहीतरी." हो म्हटलं. डबे गेले. आता ही निबंध लिहितेय, मी हे लिहितोय. लादी पुसतो, मग जेवतो.

बुधवार, ३० जुलै

डोक्याला टाके आहेत. हात ठीक आहेत, म्हणजे लिहिता येतंय.

परवा लादी पुसताना उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ओट्याची कड लागली, एवढंच आठवतं. पुढचं मला दुसऱ्यांकडून कळलं.

बाबुराव दुपारी कानाचं मशीन काढून झोपतात. ते म्हणाले, "दार वाजलेलं मला ऐकू आलं नाही रे. हिचा आवाज आला. मशीन नसताना." जिन्यात उभी राहून ओरडत होती — "आजोबा, उठा, बाबा पडलाय, रक्त येतंय, तो बोलत नाहीये!" वरच्या मजल्यावरची माणसंसुद्धा धावत खाली आली. कोणालाच हा आवाज कोणाचा ते कळेना.

प्रियांकाला फोनही तिनेच केला. वॉर्डात फोन उचलला भलत्याच सिस्टरने. तिला आईचं पूर्ण नाव सांगितलं, काय झालं ते सांगितलं. रिक्षावाल्याला रस्ता सांगितला — "इकडून नको, तिकडे खोदलंय." बाबुराव म्हणतात, दवाखान्यात डॉक्टर त्यांना प्रश्न विचारत होते आणि उत्तरं ही देत होती. "सकाळपासून जेवला नाही. दोनदा चहा घेतला. पडला तेव्हा डोकं आधी लागलं."

मी शुद्धीवर आलो तेव्हा पलंगाशी उभी होती. माझा अंगठा धरून. डॉक्टर वाकून तिला म्हणाले, "काय बाळा, आता बरं वाटलं ना?"

मी म्हटलं, "हो डॉक्टर, बरं वाटलं तिला."

ती काही बोलली नाही. घाबरलेली असणार.

शुक्रवार, १ ऑगस्ट

डबे बंद. प्रियांका रजेवर. तिने केलेल्या पोळ्या जाड असतात, संचिताने तसं सांगितलं. अभ्यास मात्र चालू आहे — मी पलंगावर, ती खाली चटईवर. त्यात खंड नाही.

बाबुराव पेज घेऊन आलेले. संचिताला म्हणाले, "काय गं, आज काय शिकलीस?" ती जमिनीकडे बघत राहिली. ते म्हणाले, "अगं, त्या दिवशी तर तोफ होतीस." मी म्हटलं, "भागाकार चाललाय, काका. बोलेल हळूहळू."

सगळे येऊन सांगून जातात, पोरीने तुला वाचवलं. ऐकून छाती फुगते. पण एक गोष्ट प्रियांकालाही सांगितली नाही. अख्ख्या बिल्डिंगने तिचा उंबऱ्याबाहेरचा आवाज ऐकला. बाबुरावांनी मशीन नसताना ऐकला. ज्याने वाट बघितली त्यालाच तेवढा ऐकायला मिळाला नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

संचिताचे केस विंचरताना विचारलं, त्या दिवशी सगळ्यांशी एवढं कसं बोललीस गं?

मान वळवली नाही. विचारही करावा लागला नाही तिला.

"तू बोलत नव्हतास ना, बाबा."