चंद्रमोहनच्या हातातला खेळ

शमें ग्रेनिए,
१९ जून १९८३

ती. इंद्राणीताईस,
धाकट्या हिराचा शि. सा. न. वि. वि.

तू सुचवलेलं स्थळ गेल्या रविवारी येऊन गेलं. मुलगा रेडिओ दुरुस्त करतो, आईबाप सज्जन, सगळं तू लिहिलंस तसंच. पण चंद्रमोहनच्या हातातल्या खेळाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नव्हतंस. बोटीवर काम करणाऱ्या मामाने सिंगापूरहून आणलेला, साबणाच्या वडीएवढा. त्याच्या काचेत एक माकड नारळ झेलतं. तीन नारळ सुटले की डाव संपतो, हे त्याच्या आईने मला कौतुकाने समजावून सांगितलं.

आमची भगवती चहा घेऊन आली तेव्हा त्याने मान वर केली, बोंझूर म्हटलं आणि मान परत खाली घातली. डाळीचे तिखट गातो पिमां गार झाले. आमच्या यांनी विचारलं, मराठी कुठवर शिकलास? उत्तरादाखल त्या खेळातून ‘पीं पीं’ आलं. पाहुण्यांना यांनी बसमध्ये चढवून दिलं. मग म्हणाले, ज्याचा जीव माकडात आहे त्याला बायको कशाला हवी?

काल देवळातल्या मराठीच्या वर्गात यांनी मुलांना निबंध घातला, ‘हातातले खेळ : फायदे आणि तोटे’. चौदांपैकी बारा जणांनी नुसते फायदे लिहिले, आणि त्यातल्या तिघांनी खाली विचारलंय, गुरुजी, हे कुठे मिळतात?

भगवती म्हणते, अजून काही ठरत नाही. दिवसभर फॅक्टरीत विणकामाच्या मशीनपुढे बसून येते. घरी आणखी एक मशीन कशाला, असं मला वाटतं. तूच सांग.

रागावले असले तरी तुझ्या पत्राची वाट बघतेच आहे.

तुझी,
हिरा

तेर रूज,
२६ जून १९८३

चि. सौ. हिरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग खजील झाले. खेळाचं मी लिहिलं नाही, हे खरं. लिहिलं असतं तर तुलसीरामांनी त्यांना दारात तरी उभं केलं असतं का? गेली कित्येक वर्षं ते मराठी शिकवतात. हल्ली घरी आलेल्या कुशलपत्रातल्याही चुका काढून परत धाडतात.

चंद्रमोहनचं घर आमच्या घराला लागून आहे, म्हणून बघितलेलं लिहिते. वाईट आधी. हाक मारली तर ऐकू जात नाही. जेवण निवतं. डोळे लाल होतात. आत घालायचे बटणाएवढे सेल साऱ्या बेटावर पोर्ट लुईतल्या एकाच दुकानात मिळतात, ते संपले की दोन दिवस चेहरा सुतकी.

आता चांगलं. रम पीत नाही. घोड्यांच्या शर्यतीला जात नाही. संध्याकाळी घरात असतो. कुणाशी भांडत नाही, कारण भांडायला मान वर करावी लागते. आणि हाक ऐकू न येण्याचं म्हणशील, तर आमचे नंदलाल सव्वीस वर्षं पेपरमागून ऐकत नाहीत, त्यांना कुठल्या मशीनची गरज पडली नाही. तुझे मास्तर तरी? शनिवारी दुपारी ट्रान्झिस्टर कानाला लावून घोड्यांची नावं पुटपुटत असतात, तो त्यांचा कोणता निबंध?

म्हणून सांगते, एकदा परत बोलवा. या वेळी भगवतीला त्याच्याशी बोलू द्या, आणि तुम्ही चौघं जरा बाहेर अंगणात बसा.

थोरलीपणाचा मान राखून एवढं ऐकशील, अशी आशा आहे.

तुझी,
इंद्राणीताई

शमें ग्रेनिए,
११ जुलै १९८३

ती. इंद्राणीमावशीस,
भगवतीचा कृ. सा. न. वि. वि.

आई लिहिणार होती, पण तिला रडू येतंय, म्हणून मी लिहिते. बाबांनी लाल शाई लावायच्या आत पाकीट बंद करणार आहे.

ते काल परत आले. तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं, ट्रान्झिस्टरच्या ओळी सोडून. मग सगळे अंगणात गेले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात राहिलो. मी म्हटलं, बघू तो खेळ. फॅक्टरीत माझी बोटं दिवसभर चालतात, त्यामुळे दुसऱ्याच डावात मी त्याच्यापुढे गेले. मला वाटलं, फुगून बसेल. तो मोठ्याने हसला, आणि मग मी आठशे गुणांच्या पुढे जाईपर्यंत शेजारी उभा राहून मला नारळ दाखवत राहिला.

मग मी विचारलं, त्या दिवशी सगळ्यांसमोर खेळत का होतास? तो इथल्या क्रेओल बोलीत म्हणाला, “माणसांपुढे माझे हात कापतात. हातात हे असलं की कुणाला दिसत नाही.”

मावशी, फॅक्टरीत येणारे मुलगे मला रोज काहीबाही सांगतात. आपले हात कापतात, असं अजून एकानेही सांगितलं नव्हतं. मला ठरवायला तेवढं पुरलं. मी खेळ फडताळात ठेवला आणि त्याला रिकाम्या हातांनी बाहेर घेऊन गेले.

आईने त्याला चहाचा कप दिला. बाबांनी पांढरी विजार घातली होती. त्याच्या हातून अर्धा कप त्या विजारीवर सांडला. त्याची आई माफी मागू लागली, बाबांचा चेहरा तुला माहीत आहे. तेवढ्यात चंद्रमोहन उभा राहिला आणि चक्क मराठीत म्हणाला, “मास्तर, तुमचा मुलगी मला आवडतो.”

बाबा म्हणाले, “तुमची मुलगी.”

तो म्हणाला, “तुमची मुलगी मला आवडतो.”

“आवडते.”

“तुमची मुलगी मला आवडते.”

अशी त्याने तीनदा मागणी घातली, आणि तिसऱ्यांदा ती शुद्ध होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग बाबांनी किटली स्वतः उचलली आणि त्याचा कप पुन्हा भरला. सांडू नये म्हणून अर्धाच.

तारीख ठरवायला काका आणि तू लवकर या. तुझी माया आता आम्हा दोघांना पुरवावी लागेल.

तुझी,
भगवती