आकाशात खडक नसतात

१ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठायचं. आज सहाला उठलो, पण पहिलाच दिवस होता. यंदा फ्लाइंग स्कूलमध्ये अ‍ॅडमिशन, तीन वर्षांत जेटचा को-पायलट, चाळिशीच्या आत कॅप्टन शियाम. आत्ता वय चौतीस. वय अजिबात आड येत नाही. सुपारी बंद. नजर तेज राहावी म्हणून रोज शेवग्याचा पाला.

४ जानेवारी
राजधानीहून, मालेच्या बोटीने पायलटचा काळा चष्मा आला. भौतिकशास्त्राचं पुस्तक पुढच्या बोटीने येईल. चष्मा आधी आला ते बरंच, सवय होईल. रिशफाने विचारलं, घरात ऊन लागतंय का. नऊ वर्षं संसार करूनही या बाईला माझं व्हिजन दिसत नाही.

९ जानेवारी
बप्पांचे गुडघे गेले. गेले होते दोन वर्षांपूर्वीच, कबूल आज केलं. सकाळची सातची बोट आता त्यांना झेपत नाही. एकोणचाळीस वर्षं त्यांनी आमच्या बेटावरची माणसं त्या बोटीने मोठ्या बेटावर नेली. दवाखान्यात, कॉलेजात, सासरी. शेजारच्या बेटावरचा झरीर बोट विकत मागतोय. बप्पा म्हणाले, मुलगा म्हणून पहिला हक्क तुझा, मार्चअखेर सांग, तू चालवणार असशील तर तुझी, नाहीतर त्याची. मी सांगितलं, खुशाल द्या झरीरला, मी आकाशातला माणूस आहे. ते दोर गुंडाळत बसले. वाईट वाटलं. पण करिअर म्हटलं की त्याग आलाच.

१८ जानेवारी
तूर्तास बोट मीच नेतोय. निव्वळ तात्पुरतं. फायदा असा की प्रॅक्टिस होते. आज सुटताना इंग्रजीत अनाउन्समेंट केली, उंची आणि तापमानासकट. उंची शून्य होती, तरी सांगितली. बसलेल्या चार बायकांपैकी एकीने विचारलं, जेवण देणार का. बप्पा मागून ओरडत होते, पाणी बघ, पाणी बघ. आठ वर्षांचा होतो तेव्हापासून हेच ऐकतोय. गडद निळं असेल तर चल, हिरवट दिसलं की खाली प्रवाळाचे खडक, लांबून वळसा घाल आणि खडकांमधल्या खिंडीतून आत शीर. जुन्या काळचं ज्ञान. आकाशात खडक नसतात.

२ फेब्रुवारी
पुस्तक आलं. पहिलं प्रकरण सुरू. लेखकाची भाषा जरा अवघड आहे.

९ फेब्रुवारी
पहिलं प्रकरण सुरू. सुपारी एकच खाल्ली, तीही म्हाताऱ्या हसनभाईंनी धक्क्यावर पुढे केली म्हणून. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

१० फेब्रुवारी
मोठी माणसं फार आहेत या बेटावर.

२१ फेब्रुवारी
फॉर्म भरला. गणितात पास आहात का, असा एक प्रश्न होता. शाळेत गणितात थोडक्यात राहिलो होतो. तीनदा. 'अनुभव भरपूर' असं लिहिलं. रिशफाने फॉर्म वाचला आणि म्हणाली, "इथे उमेदवाराची सही हवी. तू कॅप्टन म्हणून केलीयस."

५ मार्च
स्कूलचं पत्र आलं. एक ट्रायल फ्लाइट, मग मुलाखत. म्हणजे झालंच. धक्क्यावरच्या जाळीच्या खुर्च्यांत बसणाऱ्या मंडळींना चष्मा लावून बातमी दिली. हसनभाईंनी विचारलं, विमान चालवताना सुपारी चालते का. मी दुर्लक्ष केलं. घेतली मात्र.

७ मार्च
झरीर बोट बघून गेला. इंजिन ऐकलं, लाकडावर टकटक केली. निळा रंग काढून लाल लावणार म्हणे. बप्पा त्याच्याशी नीट बोलले. तो गेल्यावर एकटेच बोटीत बसून राहिले, चहा गार झाला तरी. मी मुद्दाम पुस्तक घेऊन बसलो. पहिलं प्रकरण सुरू.

१३ मार्च, दुपारी, दक्षिणेकडचं बेट
ट्रायल फ्लाइट झाली. उत्तम झाली. सगळं तपशीलवार लिहून ठेवतो, पुढे आत्मचरित्राला उपयोगी पडेल.
इन्स्ट्रक्टर कॅप्टन लुबाना. माझ्याहून लहान, कमी बोलणारी बाई. वर गेल्यावर कंट्रोल माझ्या हातात दिला. म्हणाली, समोर ते बेट दिसतंय ना, सरळ तिकडे घ्या. पायाखालचे पेडल मला लगेच जमले, आम्ही सुकाणू पायानेच धरतो. तिने 'छान' म्हटलं. हे 'छान' अधोरेखित.
मग खाली हिरवट पाणी दिसलं. मी डावीकडे वळलो. ती म्हणाली, सरळ. मी म्हणालो, हो, आलोच. खडकांच्या कडेकडेने नीट अंतर ठेवून लांब वळसा घातला, पूर्वेची खिंड आली तसा वेग कमी केला आणि खिंडीच्या बरोबर मधून आत शिरलो. ती काही बोलेना. मला वाटलं, थक्क झाली.
शेवटी म्हणाली, "शियामभाई, आपण दोन हजार फुटांवर आहोत."
मी म्हणालो, "हो, पण ओहोटी आहे."
परत येताना कंट्रोल तिने स्वतःकडे ठेवला. बहुधा मला आराम मिळावा म्हणून.

१३ मार्च, संध्याकाळी
मुलाखतही झाली, कॅप्टन लुबानांनीच घेतली. गणिताची परीक्षा पास करा, पुस्तक संपवा, मग परत अर्ज करा, असं म्हणाल्या. हा नकार नव्हे. दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मात्र म्हणाल्या, "माझ्या आईला बोटीने कुठे पाठवायचं झालं, तर मी तुमच्याबरोबर पाठवीन." बराच वेळ धावपट्टीच्या कुंपणापाशी उभा होतो. चष्मा लावला होता हे बरं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

१६ मार्च
घरी. सगळ्यांना सांगितलं, निकाल प्रलंबित आहे. रिशफाने पानात मासे जास्त वाढले. म्हणजे तिला कळलंय.
बप्पांना खरं सांगितलं. का कोण जाणे. ते हसतील म्हणून तयारीत होतो. त्यांनी गुडघ्याला तेल चोळता चोळता विचारलं, "कुठल्या खिंडीतून आत आलास?"
"पूर्वेच्या."
"ओहोटीला?"
"ओहोटीला."
"मग बरोबर आलास," म्हणाले, आणि दुसरा गुडघा चोळायला घेतला.
इतक्या वर्षांत त्यांनी मला बरोबर म्हटलेलं आठवत नाही.

३० मार्च
झरीरला निरोप धाडला, बोट विकायची नाही. तात्पुरतं. फक्त गणित होईपर्यंत.

१ एप्रिल, सकाळी १०
सातची बोट सातला सुटली. अकरा प्रवासी, दोन कोंबड्या. अनाउन्समेंट केली नाही. एकीने विचारलं, आज उंची किती. बप्पा पुढे प्रवाशांत बसले होते, पहिल्यांदाच. खडकांजवळ आल्यावर काळ्या चष्म्यातून पाण्याचा रंग कळेना, म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला.
खिंडीच्या तोंडाशी आलो तेव्हा डोक्यावरून एक मोठं जेट गेलं, खडकांवरून थेट. बप्पांनी मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.
"चालवणारा आपल्याकडचा दिसत नाही," म्हणाले.
माझा पाय सुकाणूवर होता.