नवागामहून फर्माईश

माय,

तू जाऊन अकरा वर्षं झाली. तुझा रेडिओ मी अजून टाकलेला नाही, पण लावतही नाही. सुरतेतल्या नवागामच्या त्या एका खोलीत तो ओट्यावरच्या फळीवर असायचा, मिठाच्या बरणीला टेकून, कारण त्याची मागची बाजू मोडली होती आणि टेकू दिला नाही तर तो उताणा पडायचा. त्याच्याखाली तू भिंतीला पाठ लावून बसायचीस, मांडीवर साडी, हातात छोटी कातर. कारखान्यातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापायचं तुझं काम. भिंतीच्या पलीकडे बारा माग. त्यांच्या खडखडाटात रेडिओतलं अर्धं गाणं बुडून जायचं, पण तुला ते पाठ असायचं, म्हणून जिथं आवाज बुडायचा तिथं तू स्वतः म्हणायचीस आणि तो परत वर आला की गप्प व्हायचीस. बापू मागावरून यायचे ते कानात तो खडखडाट घेऊनच. घरातही ओरडून बोलायचे, आणि आम्हाला वाटायचं सगळ्यांचे वडील असेच बोलतात.

मी कॉलेजला गेले त्या वर्षी शहरात नवनवी एफएम स्टेशनं आली होती. दिवसभर गाणी, मधे मधे गुजरातीत थट्टामस्करी करणाऱ्या पोरी. तू जाम खूश होतीस. नवरात्र जवळ आली की गरबे, श्रावणात भजनं, बाकी सगळं वर्ष सिनेमातली गाणी. मी मात्र तोवर दुसऱ्याच गावाला पोचले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीचा भाऊ बाहेरगावी हॉस्टेलला होता, त्याच्याकडून तिच्या मोबाइलमध्ये गाणी यायची, आणि तिनं दिलेल्या जुन्या प्लेअरमध्ये भरून मी ती घरी आणायचे. हेवी मेटल म्हणायचे त्याला. गिटारी अशा वाजायच्या की कुणी पत्रा फाडतंय, ड्रमचा नुसता मारा, आणि गाणारा गायचा नाही, घशातून गुरगुरायचा. आमच्या टोळीत ते ऐकणं म्हणजे मोठेपणा होता हे खरं. पण मला ते मनापासूनही आवडलं. आपल्या खोलीत हे एकच संगीत असं होतं की जे कानात घातल्यावर माग ऐकू यायचे नाहीत.

एका दुपारी तू माझ्या कानातली एक वायर ओढून स्वतःच्या कानाला लावलीस. थोडा वेळ ऐकलंस. मग विचारलंस, "हाई गानं रेडिओवर लागस का?"

"नाही लागत," मी म्हटलं. तू अहिराणीत विचारायचीस आणि मी पुस्तकी मराठीत नाहीतर गुजरातीत उत्तर द्यायचे. तेव्हा ते मला शहाणपण वाटायचं.

"मंग ते गानं कसानं? जे सारी गल्लीले आयकू येस ते गानं. कानमां बोळा घालीसन एकटीनी आयकानं, तो ते आजार शे."

आजार म्हणालीस. मी तुला म्हटलं की तुला काय कळतं, तू शाळेची पायरी चढली नाहीस, त्या डबड्यात जे लागतं तेवढंच तुझं जग. आणि त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनाभर. एका खोलीत महिनाभर न बोलणं किती अवघड असतं ते आता कळतं. ताट समोर येतं आहे, धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले आहेत, सकाळी डबा भरलेला आहे, आणि मी कानात वायरी घालून भिंतीकडे तोंड करून बसले आहे. तू मधूनमधून माझ्याकडे बघतेस आणि परत कातर चालवतेस.

मग तो दिवस. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आम्ही सहाजण बसलो होतो. कुणाच्यातरी मोबाइलवर रेडिओ चालू होता, दुपारचा फर्माईशीचा कार्यक्रम. लोक फोन करायचे, गाणं मागायचे. पुढचा फोन लागला आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

"हॅलो? लागला का? मैं नवागाम से बोल रही."

"बोलो मासी, कयुं गीत वगाडूं?" ती रेडिओवाली पोरगी म्हणाली. मग तुझी भाषा ओळखून हिंदीवर आली. "आपका नाम?"

"नाम का क्या करना है? लडकी की माँ हूँ, लिख लो. मेरी लडकी मेरे से बोलती नहीं. एक महिना हो गया. उस को एक गाना बहुत पसंद है, वो आप के रेडिओ पे लगता नहीं. आप लगाव ना. लगेगा तो बोलेगी."

"अरे मासी, कौनसा गाना?"

"इंग्लिश है. नाम मेरे को आता नहीं. ऐसा है," असं म्हणून तू ते गाणं म्हणून दाखवलंस. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोबाइलवरून बोलत असणार, कारण मागे त्यांचं बाळ रडत होतं. तू आधी कुठल्यातरी डब्यावर दोन्ही हातांनी धडधड वाजवलंस, आणि मग घशातून तो गुरगुरता आवाज काढलास. आणि माय, ते चुकीचं नव्हतं. ताल बरोबर होता. तू त्या दुपारी फक्त थोडाच वेळ ऐकलं होतंस, तरी जिथं ड्रम थांबतो आणि परत सुरू होतो, ती जागासुद्धा तू बरोबर घेतलीस.

ती पोरगी एवढी हसली की तिला बोलता येईना. कॅन्टीनमध्ये आमचं टेबल हसलं, पलीकडचं हसलं. आमच्यातला एकजण टेबलावर डोकं ठेवून हसत होता. "अरे, आ कोनी मम्मी छे?" मैत्रिणीनं डोळे पुसत विचारलं. सगळ्यांनी खांदे उडवले. मीही उडवले. आणि मी हसले, माय. सगळ्यांच्या इतकंच मोठ्यानं, कारण कमी हसले असते तर कुणीतरी माझ्याकडे पाहिलं असतं.

रेडिओवाली म्हणाली की मासी, हे गाणं आमच्याकडे नाही, पण तुमच्या मुलीसाठी दुसरं झकास गाणं लावते, आणि तिनं एक गरबा लावला. तू "थँक्यू" म्हणालीस.

संध्याकाळी घरी आले तर तू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होतीस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "आज दुफारले रेडिओ आयका व्हता का?"

महिन्यात पहिल्यांदा मी तोंड उघडलं. "नाही. प्रॅक्टिकल होतं."

"बरं," तू म्हणालीस. तव्यावरची भाकरी उलटलीस. मग जेवताना मी म्हटलं की भाजीला मीठ कमी आहे, आणि तू इतक्या लगबगीनं उठलीस, जणू घरात पाहुणा आला आहे. मी पुन्हा बोलू लागले त्याचं कारण तुला काय वाटलं असेल कोण जाणे. तुझ्या शेवटच्या आजारपणातही, दवाखान्यात तुझ्याजवळ बसून मी हजार गोष्टी बोलले, ही बोलले नाही.

पुढे मला सुरतेजवळच हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि तिथं ती गोष्ट माझ्या तोंडी बसली. डब्याच्या वेळी, पिकनिकला, नवे लोक आले की मी सांगायचे, आमच्या सुरतेत एका बाईनं रेडिओवर फोन करून मेटल गाऊन दाखवलं होतं. मी हातवारे करून सांगायचे, तुझा आवाज काढायचे. हमखास हशा. एका बाईनं, असंच सांगायचे. आमच्या विभागात मेघालयचा एक सहकारी आहे, तो एकटा हसला नाही. म्हणाला, "तुमच्याकडे हसू येतं. आमच्या गावात पोरं रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवत मोठी होतात, दर गल्लीत एक बँड असतो. तिथं एखादी आई हे गायली असती तर कुणी मान वर केली नसती."

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला प्रशिक्षणाला फिनलंडला पाठवलं. पाच आठवडे. तिथल्या कारखान्याच्या भटारखान्यात साठीची एक बाई होती, सूप वाढणारी, डोक्याला पांढरा रुमाल. तिच्या शेगडीवरच्या फळीवर रेडिओ होता. सकाळी अकरा वाजता, बातम्या आणि हवामानाच्या मधे, तिथं ते लागलं. तसलंच, पत्रा फाडल्यासारखं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. ती बाई सूप ढवळत गुणगुणत होती, आपल्याकडे आरती गुणगुणावी तसं.

मी तिला विचारलं, हे इथं रेडिओवर लागतं? तिला प्रश्नच कळेना. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मग कुठं लागणार? रोज लागतं. तिच्या गावच्या शाळेत गिटार आणि ड्रम ठेवलेले असायचे, कुणाही पोरानं जाऊन वाजवावेत. त्यांची जुनी गाणीही अशीच जड, उदास सुरांची, म्हणून नवीन आलं तेव्हा कानाला परकं वाटलं नाही. तिची आई ऐंशीच्या पुढची आहे, ती हे ऐकत इस्त्री करते.

मी तिथं उभी राहून तुझा विचार करत होते. मला आयुष्यभर वाटत आलं की मी पुढारलेली आणि तू मागासलेली. पण त्या बाईच्या कानावर लहानपणापासून चुलीजवळ जे पडलं ते तिचं गाणं झालं. तुझ्या कानावर दुसरं पडलं, ते तुझं झालं. तू मला विचारलंस ते बरोबरच होतं, रेडिओवर लागतं का. जे लागतं तेच शेवटी गल्लीचं होतं. आणि लागत नव्हतं म्हणून तू गप्प बसली नाहीस. लावा म्हणून सांगायला गेलीस. ज्या संगीताला तू आजार म्हणालीस, ते सगळ्या शहराला ऐकवायला निघालीस. एवढ्या मोठ्या सुरतेत माझ्या गाण्यासाठी भांडलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही.

मी त्या बाईला गोष्ट सांगितली. नेहमीसारखी, हातवारे करून, डब्याचा आवाज काढून. ती हसली नाही. पळी खाली ठेवून तिनं विचारलं, "मग त्यांनी लावलं?"

"नाही."

"आणि ती मुलगी? ती बोलली आईशी?"

"बोलली. त्याच दिवशी."

"तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, "माझी आई होती ती."

तिनं माझा हात धरला. तिचा हात सुपाच्या वाफेनं गरम होता. रांगेतले लोक मागे थांबून राहिले, कुणी घाई केली नाही.

हे सगळं आज बसून लिहिलं, तर कागद भरले. पाठवायचे कुठे, ते काही मला ठाऊक नाही. आणि पाठवता आले असते तरी वाचून दाखवायला तू कुणालातरी बोलावलं असतंस, आणि त्यानं हे वाचलं असतं, त्याचीच मला भीती वाटली असती. कारण माय, ती बाई तू होतीस हे मी फक्त तिथं बोलले, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. इथं परत येऊन दोन वर्षं झाली, पण घरात नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. गेल्याच आठवड्यात डब्याच्या वेळी नव्या मुलींना मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, आणि पुन्हा म्हटलं, एक बाई होती.