आठ दिवसांची टाकी

१४ एप्रिल, मंगळवार

पुन्हा बंद पडली! हॉस्पिटलच्या मागच्या फाटकात, अगदी मधोमध. आत सव्वाशे धुतलेल्या चादरी, मागे एक रुग्णवाहिका भोंगा वाजवतेय, आणि मी किल्ली फिरवतोय. स्टार्टर फिरतो, इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प. भांडार सांभाळणाऱ्या बाई वरच्या खिडकीतून बघत होत्या. शेवटी दोन वॉर्डबॉयनी ढकलून बाजूला लावली. चाळीस मिनिटांनी, कुणी काही न करता, पहिल्या किल्लीला सुरू.

सकाळी हीच व्हॅन सुतासारखी सरळ चालते. ऊन चढलं की हिसके द्यायला लागते. पाच मिनिटं उभी केली की संपलं.

गेल्या उन्हाळ्यातही हेच होत होतं. तेव्हा गाडीवर बारक्या होता. तेव्हा मी जे बोललो ते — जाऊ दे. हात भरून आलाय.

१५ एप्रिल, बुधवार

काल अर्धवट सोडलं. वहीत तरी लपवाछपवी कशाला.

बारक्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, तरी नाव बारक्या. आमच्या लॉन्ड्रीच्या गाडीवर तो अकरा वर्षं होता. गेल्या मे महिन्यात गाडी रोज दुपारी बंद पडायला लागली. त्यात टाकीचं. एकदा भरली की आठ दिवस पुरायला हवी, ती सहाव्या दिवशीच कोरडी. किलोमीटरचा काटा कधीचाच मेलाय, त्यामुळे हिशोब असा दिवसांवरच. मी दोन आणि दोन जोडले. इस्त्रीच्या टेबलांपुढे, चार बायका आणि हॉस्पिटलचा माणूस उभे असताना म्हणालो, "पेट्रोल काढून विकतोस आणि वर रॉकेल ओततोस. मग इंजिन काय गाणं म्हणेल? चोर कुठला!"

त्यानं किल्ली घडी घातलेल्या उशांच्या अभ्र्यांवर ठेवली आणि गेला. परत आला नाही. हिनं भांडण केलं नाही. फक्त वर्षभरात माझ्यासमोर त्याचं नाव काढलेलं नाही. पूर्वी आठवड्यातून एकदा चादरी मोजायला म्हणून त्याच्याबरोबर हॉस्पिटलात जायची, माझ्याबरोबर कधी येत नाही.

तो गेला आणि टाकी नेमकी आठ दिवस पुरायला लागली. हाच माझा पुरावा. वर्षभर त्यावर निवांत झोपलो. तो गेल्यावर लगेच पाऊस लागला, आणि पुढे थंडीतही गाडी गुणी बाळासारखी चालली. आणि आता उन्हाळा आला, गाडीवर मी आहे, तरी ती बंद पडतेय. मी तर रॉकेल ओतत नाही!

१७ एप्रिल, शुक्रवार

गाडी मिस्त्रीकडे नेली. सकाळी नऊला. त्यानं ऐकलं, बॉनेटवर हात ठेवला, म्हणाला, "शेठ, पेशंटला ताप नसताना आणून काय उपयोग? ताप चढला की आणा." तरी प्लग काढून पुसले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला. कार्बोरेटर खोलून बघितला. मी मुद्दाम विचारलं, "रॉकेलाची काही खूण?" तो म्हणाला, "रॉकेल खाल्लेलं इंजिन मी वासावरून सांगतो. ह्यानं आयुष्यात कधी खाल्लेलं नाही."

घरी येईपर्यंत मला गाडीचा आवाजच ऐकू आला नाही.

१८ एप्रिल, शनिवार

दुपारी दोनला पुन्हा बंद. मिस्त्री म्हणाला, ठिणगी देणारी कॉइल तापून दगा देत असेल. दुसऱ्या गाडीची काढून लावली. पहिला फेरा छान झाला, मी खूश. दुसऱ्या फेऱ्याला सिग्नलवर बंद. मागचे लोक जे बोलले ते लिहीत नाही.

२० एप्रिल, सोमवार

टाकीचं झाकण सैल ठेवून चालवली, हवा कोंडते की काय बघायला. नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आज मिस्त्रीच शेजारी बसला. बरोबर पाण्याचा डबा. भर दुपारी चादरींसकट अर्धा तास फिरवली, मग त्यानं झाडाखाली पाच मिनिटं उभी करायला लावली. पुन्हा किल्ली — खोकली आणि गप्प. मिस्त्रीला आनंद झाला. "आता ताप आहे," म्हणाला.

बॉनेट उघडून त्यानं पेट्रोलच्या नळीतली पारदर्शक गाळणी दाखवली. आत बुडबुडे, भांड्यात पाणी उकळावं तसे. पेट्रोल नळीतच उकळत होतं. त्याची वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, इंजिनाला प्यायलाच मिळत नाही. त्यानं माझ्याकडून एक अभ्रा मागून घेतला, पाण्यात बुडवून पंपावर आणि नळीवर गुंडाळला. दोन मिनिटं थांबलो. किल्ली फिरवली — सुरू!

मग तो आत डोकं घालून बराच वेळ बघत राहिला. "ह्या नळीखाली एक पत्रा असतो," म्हणाला. "एक्झॉस्टची आच अडवायला. बोल्टच्या जागा आहेत, पत्रा नाही. कुणी काढला?"

मी म्हणालो, "आधीच्या ड्रायव्हरनं काढला असेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मला काही माहीत नव्हतं, तरी म्हणालो. पहिलं नाव त्याचंच आलं तोंडात.

२२ एप्रिल, बुधवार

पत्रा सापडला.

बॉयलरच्या खोलीत एक व्हॉल्व्ह गळतो. त्याच्याखाली एक वाकवलेला पत्रा आहे, थेंब झेलायला. रोज मीच तो उपडा करतो. आज उपडा केला आणि हातातच राहिला. कडेला दोन भोकं, एका भोकाभोवती निळसर जळकट डाग. रोज बघतो मी ते डाग!

सगळं आठवलं. गेल्या वर्षीचा मार्च. गाडीतून तर्रर्र तर्रर्र आवाज यायचा. मला वाजणारी वस्तू खपत नाही — दरवाजे, डब्यांची झाकणं, ट्रॉलीची चाकं, सगळ्यांना मी कापड नाहीतर तार बांधत फिरतो, आणि सांगत सुटतो की आमच्या लॉन्ड्रीची गाडी जुनी असेल पण वाजत नाही. त्या दिवशी बारक्या जेवायला गेला होता. मी पाना घेतला, पत्रा काढला, आवाज बंद. पत्रा चांगला होता म्हणून व्हॉल्व्हखाली सरकवला. त्याला सांगितलंही नाही. दोन महिन्यांनी त्यालाच चोर म्हणालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दुसऱ्याला बदनाम करून.

हिला सांगितलं. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बरं झालं सापडला." हात थांबले नाहीत.

२३ एप्रिल, गुरुवार

पत्रा बसवला. मिस्त्रीनं नळी थोडी वरून नेली, तिच्यावर जाड वेष्टण घातलं. भर दुपारी तीन फेरे, कुठेही उभी केली तरी पहिल्या किल्लीला सुरू. वाजते मात्र पूर्वीसारखीच. वाजू दे.

निघताना मिस्त्रीला विचारलं, "ह्या तापण्यामुळे पेट्रोलही जास्त जात असेल ना? टाकी दोन दिवस आधी संपेल इतकं?" मला त्यानं हो म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "नाही हो. बंद पडायचं कारण सापडलं. पेट्रोल जास्त जायला गाडी जास्त पळायला लागते, नाहीतर गळायला लागते. आणि ही गळत नाही."

म्हणजे ते राहिलंच.

माझं हे असंच. मोठ्या भावाशी, दादाशी, असंच एका वाक्यावरून तुटलं. घराच्या कागदांवरून मी काहीतरी बोललो, तो काहीतरी बोलला, नऊ वर्षं झाली. आई त्याच्याकडे असते, म्हणून तिकडेही पाय टाकलेला नाही. त्याच्या दारात जायचं नाही, एवढं धरून बसलो. ही पहिल्या वर्षी दोनदा म्हणाली होती, आईंना भेटून येऊ. मी ताट सरकवून उठलो होतो. मग तिनं विषय काढला नाही.

बारक्याकडे मात्र जाणार. रविवारी.

२६ एप्रिल, रविवार

जाऊन आलो. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत त्याच्या. आता फर्निचरवाल्याचा टेम्पो चालवतो. मला बघून दारातून बाजूला झाला, या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणलं आणि आत गेली.

मी सगळं सांगितलं. पत्रा मी काढला, मीच विसरलो, रॉकेलाचं खोटं होतं, माझं चुकलं. वयानं मोठा आहे, पण हात जोडले. त्यानं पटकन धरून खाली केले. "दाजी, असं नका करू," म्हणाला.

मग म्हणाला, "पत्रा मला माहीत होता. बॉयलरखाली बघितला होता मी."

मी म्हणालो, "अरे मग सांगायचंस ना!"

"तेच सांगायला आत आलो होतो त्या दिवशी. तुम्ही आधी बोललात. चोर म्हटल्यावर मग पत्र्याचं काय सांगायचं?"

खालच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. त्यानं विचारलं, "आणि पेट्रोलचं?"

इथे मी हरलो. नुसतं म्हणायचं होतं — तेही माझंच चुकलं. एवढंच. पण माझ्या डोक्यात ते सहा दिवस आणि आठ दिवस. मी म्हणालो, "त्याचंही असेल काही कारण. जाऊ दे ते आता."

तो हसला. कडू नाही, थकल्यासारखा. "म्हणजे अर्धा चोर," म्हणाला.

मी विचारलं, "मग तूच सांग ना, कुठे जायचं पेट्रोल?" तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. मला परत विचारू नका." आवाज चढवला नाही. जिन्यापर्यंत सोडायला आला, वरचा दिवा बंद होता म्हणून माझा कोपर धरून दोन पायऱ्या उतरवलं. जिन्यात मी म्हणालो, गाडी तुझीच आहे, केव्हाही ये. तो म्हणाला, "ताईला सांगा, बरा आहे मी."

येताना गाडी पूर्ण रस्ताभर वाजत होती आणि एकदाही अडली नाही.

२७ एप्रिल, सोमवार

हिनं विचारलं काय म्हणाला. मी टाळणार होतो, पण सगळं सांगितलं. हात जोडल्याचं, पत्र्याचं, पेट्रोलचं. "अर्धा चोर" हेही सांगितलं. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि टेबलाला धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता बोलेल. बायका आल्या कामाला, मग पुन्हा इस्त्री सुरू केली.

दिवसभर मला चीड येत होती, आणि ती कुणावर काढायची ते कळत नव्हतं. सव्वाशे चादरी पोचवल्या. भांडारवाल्या बाई म्हणाल्या, आज ढकलायला माणसं नकोत का? हसलो.

काल म्हणायला हवं होतं. कारण माहीत असो नसो. अकरा वर्षांत त्यानं एक रुमाल इकडचा तिकडे केला नव्हता.

२८ एप्रिल, मंगळवार

हिनं आज सांगितलं. चादरी मोजायच्या दिवशी बारक्या तिला हॉस्पिटलातून पुढे न्यायचा. तीस किलोमीटर जायचं, तीस यायचं. दादाच्या घरी. आईला न्हाऊ घालायला, नखं कापायला, केस विंचरायला. "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं," म्हणाली. "त्याला चोर म्हणालात तेव्हा मी बोलणार होते. त्यानंच अडवलं. म्हणाला, ताई, दाजी निवळतील, मग पुन्हा जाऊ."

वर्ष गेलं. आई बरेच दिवस विचारायची म्हणे, गाडी का येत नाही.

मी म्हणालो, चल, आत्ता निघू. ही रडायला लागली. म्हणाली, थंडीपासून आई कुणालाच ओळखत नाहीत.